मोटारीचें लाल तेल

मोटारगाडीच्या पोटांत जीं तेलें असतात, त्यांपैकीं इंजिनाच्या काळ्या तेलाची ओळख बहुतेकांना असते. तें केव्हां बदलावें, किती घालावें, याची चर्चा घरोघर होते. परंतु ज्या गाडीला क्लचचें पेडल नाहीं आणि जिचे गियर आपले आपण बदलतात, तिच्या पोटांत आणखी एक तेल असतें. नवें असतांना त्याचा रंग बहुधा डाळिंबाच्या रसासारखा लाल असतो; जुनें झालें म्हणजे तें काळवंडतें आणि फार तापलें असल्यास त्याला करपलेला वास येतो. गाडी बिनतक्रार चालते तोंवर त्याची आठवण कोणालाहि होत नाहीं. या उपेक्षित तेलाचा इतिहास मात्र मोठा गमतीचा आहे. त्यांत जहाजें आहेत, रणगाडे आहेत, आणि महासागरांतले देवमासेहि आहेत. शिवाय आपल्या गाडीची निगा आपल्या हातांनीं राखूं पाहणाऱ्या गृहस्थाचा या इतिहासाशीं अगदीं जवळचा संबंध आहे.

हें तेल कां जन्माला आलें तें समजण्यासाठीं आधीं गियरचा त्रास आठवला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाचा एक स्वभाव आहे: तें मंद फिरत असतांना त्याच्या अंगीं जोर नसतो. बैल उभ्या जागेवरून भरला गाडा ओढतो, तसें इंजिनाला करतां येत नाहीं. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें लहानमोठीं दांतेरी चाकें घालून, आरंभीं वेग कमी व जोर अधिक, आणि पुढें जोर कमी व वेग अधिक, अशी योजना करावी लागते. हीं दांतेरी चाकें सरकवून एकमेकांत अडकवण्याची पद्धत फ्रान्समध्यें पानार व लव्हासोर यांच्या गाड्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत रूढ केली. पद्धत सोपी खरी, पण चालकाच्या हातापायांचा कस पाहणारी. एका गतीनें फिरणारें चाक दुसऱ्या गतीनें फिरणाऱ्या चाकांत अडकवावयाचें, तर दोहोंची गति आधीं जुळवून घ्यावी लागे. तें साधलें नाहीं तर दांत्यांचा कर्कश खडखडाट होई. अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन इंजिनियरानें ही गति आपोआप जुळवणारी रचना शोधून काढली आणि १९२८ सालीं ती कॅडिलॅक गाडींत आली, तेव्हां हा खडखडाट पुष्कळसा थांबला. पेडल मात्र राहिलेंच. आणि चढावर, गर्दींत, वळणावर कोणता गियर घालावा हें ठरवण्याचें कामहि चालकाकडेच राहिलें.

या प्रश्नाचें उत्तर मोटारीच्या कारखान्यांत सांपडावयाचें नव्हतें. तें जहाजांच्या गोदींत सांपडलें. श्टेटीन हें बंदर त्या काळीं जर्मनींत होतें. आज तें पोलंडमध्यें आहे. तेथील व्हल्कन कंपनीच्या गोदींत हर्मान फ्योटिंगर नांवाचा तरुण इंजिनियर काम करीत असे. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें. जहाजाचा पंखा मात्र मंद फिरला तरच पाणी नीट कापतो. दोहोंच्या मध्यें दांतेरी चाकें घालावीं, तर एवढा प्रचंड भार सोसणारीं चाकें घडवणें त्या काळीं अवघड होतें. फ्योटिंगरनें दांत्यांना रजाच दिली आणि त्यांच्या जागीं पाणी वापरलें.

त्याची कल्पना घरगुती दाखल्यानें समजण्यासारखी आहे. विजेच्या चालत्या पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर पहिल्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. दोहोंमध्यें कसलाहि सांधा नसतो; मधली हवाच काय ती शक्ति वाहून नेते. हवेच्या जागीं द्रव घातला आणि दोन्ही पंखे एकाच बंद पेटींत समोरासमोर ठेवले, म्हणजे हाच खेळ मोठ्या यंत्राच्या उपयोगाला येतो. शिवाय दोहोंच्या मध्यें एक तिसरें, स्थिर चाक बसवलें तर परतणाऱ्या प्रवाहाला योग्य वळण मिळतें आणि दुसऱ्या पंख्याचा जोर पहिल्याहून अधिक होतो. तिसऱ्या चाकासह जें यंत्र बनतें त्याला आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यावांचून जें बनतें तो नुसता द्रवाचा सांधा. फ्योटिंगरनें याचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. पुढें तो बर्लिनला प्राध्यापक झाला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्यें त्याच शहरांत युद्धाच्या अखेरच्या धुमश्चक्रींत मरण पावला. आपली जहाजासाठीं काढलेली युक्ति कोट्यवधि मोटारींत शिरणार आहे, याची त्याला कितपत कल्पना असेल कोण जाणे.

मोटारींत या युक्तीचा प्रवेश हळूहळूच झाला. इंग्लंडांत डेमलर कंपनीनें १९३० सालीं द्रवाचा सांधा आपल्या गाड्यांत बसवला. त्यामुळें गाडी झटका न बसतां निघूं लागली, पण गियर निवडण्याचें काम चालकाकडेच होतें. अमेरिकेंत थॉम्प्सन आणि त्याचे सहकारी याच्याहि पुढें गेले. त्यांनीं द्रवाच्या सांध्याला ग्रहमालेसारख्या चाकांची जोड दिली. या रचनेंत मधोमध एक सूर्यचाक, त्याभोंवतीं फिरणारीं ग्रहचाकें, आणि सर्वांना वेढणारें दांतेरी कडें असतें. हीं चाकें सरकवावीं लागत नाहींत, तीं सदैव एकमेकांत अडकलेलींच असतात; त्यांतलें कोणतें धरून ठेवावें आणि कोणतें सोडावें, एवढ्यावर गाडीचा गियर ठरतो. धरण्यासोडण्याचें हें काम पट्टे आणि चकत्यांचे क्लच करतात. त्यांना आवळणारा हात म्हणजे तेलाचा दाब. आणि तो दाब कोठें पोंचवावयाचा हें ठरवणारी बुद्धि म्हणजे लहान लहान झडपांचें एक जाळें. या यंत्राचें नांव हायड्रा-मॅटिक. १९३९ च्या अखेरीस, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांबरोबर, तें लोकांपुढें आलें. त्यासाठीं ग्राहकाला अवघे ५७ डॉलर जादा मोजावे लागत. त्याला चार गियर होते आणि क्लचचें पेडल मुळींच नव्हतें.

लगेच युद्ध आलें. १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत खासगी मोटारींचें उत्पादन थांबलें. पण हायड्रा-मॅटिकला विश्रांति मिळाली नाहीं. एम ५ या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅकचीं दोन इंजिनें आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवण्यांत आलीं. १९४४ पासून एम २४ रणगाड्यांतहि हीच जोडी दिसूं लागली. ज्या यंत्राला सुखवस्तु लोकांचें खेळणें म्हणून हिणवणें सोपें होतें, तें चिखलांत, धुळींत आणि तोफांच्या माऱ्यांत टिकलें. युद्ध संपल्यावर कारखान्यांनीं या अनुभवाचा जाहिरातींत भरपूर उपयोग केला, हें सांगावयास नकोच.

या सर्व यंत्राचा प्राण म्हणजे त्यांतलें तेल. इंजिनाच्या तेलाला मुख्यत्वें वंगणाचें काम असतें. या तेलाला मात्र एकाच वेळीं पांच चाकऱ्या कराव्या लागतात. तें एका पंख्याची शक्ति दुसऱ्याला पोंचवतें. झडपांतून दाबाचा निरोप नेतें. दांते आणि बेअरिंगें यांना वंगण देतें. घर्षणानें उत्पन्न होणारी उष्णता बाहेर नेतें. आणि पांचवें काम सर्वांत विलक्षण: क्लचच्या चकत्या या तेलांत भिजलेल्या असूनहि त्यांनीं एकमेकींना घट्ट धरावें, अशी व्यवस्था त्याला ठेवावी लागते. तेल फार निसरडें झालें तर चकत्या घसरतात, तापतात आणि जळतात. फारच कमी निसरडें झालें तर प्रत्येक गियरला गाडी धक्का देते. निसरडें व्हावें, पण प्रमाणांत. धरावें, पण हळुवारपणें. या दोन टोकांमधला तोल सांभाळणें, हाच या तेलाच्या रसायनशास्त्राचा सारा इतिहास आहे.

आरंभीं हें तेल गाडी विकणाऱ्याच्या दुकानींच मिळे. १९४९ सालीं जनरल मोटर्सनें 'टाइप ए' नांवाचें प्रमाण ठरवलें. कोणत्याहि तेल-कंपनीनें तसें तेल बनवावें. शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेंत त्याची परीक्षा व्हावी. उतरलें तर डब्यावर त्याचा मान्यता-क्रमांक छापावा, अशी ही व्यवस्था होती. तिचा परिणाम दूरगामी झाला. आतां रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर हें तेल मिळूं लागलें, आणि गाडीचा मालक रविवारीं आपल्या अंगणांत तें बदलूं शकला. तेलाला लाल रंग देण्याची चालहि याच कामी आली. गाडीखालीं जमिनीवर डाग दिसला, तर तो इंजिनाचा कीं गियरचा हें रंगावरूनच कळे. कांहीं आरंभीच्या गाड्यांत पातळी पाहण्याची पट्टी पुढच्या जागेंतल्या पायपुसण्याखालीं, एका झांकणाआड असे. पुढें ती इंजिनाच्या शेजारीं, सहज हातीं येईल अशी आली. हायड्रा-मॅटिकला तेल सोडण्याचीं बुचें दोन असत, एक खालच्या तसराळ्याला आणि एक द्रवाच्या सांध्याला. त्यामुळें जवळजवळ सर्व जुनें तेल निघून जाई. यंत्रानें चालकाचें कसब काढून घेतलें होतें, पण त्याच्या बदल्यांत मालकाकडे एक लहानसें, समजण्याजोगें आणि करतां येण्याजोगें कर्तव्य सोंपवलें होतें.

परंतु या सुखाची किंमत दुसराच कोणी देत होता. निसरडेपणा आणि पकड यांचा तोल साधणारा एक उत्तम पदार्थ निसर्गांत तयार होता: स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या देहांतलें तेल. रसायनदृष्ट्या तें साधें तेल नव्हे, तें पातळ मेण आहे. उष्णतेंत तें टिकतें, धातूच्या पृष्ठावर पातळ थर धरून राहतें, आणि गियरच्या तेलांत थोड्या प्रमाणांत मिसळलें तरी चकत्यांची पकड हळुवार करतें. एके काळीं घराघरांत दिवे याच तेलावर जळत. खनिज तेल आल्यावर देवमाशांची सुटका झाली असें लोकांना वाटलें होतें. ती सुटका पुरी नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेंच तेल मोटारीच्या पोटांत जाऊं लागलें, आणि १९६७ सालीं आलेल्या 'डेक्सरॉन' या नव्या प्रमाणाच्या तेलांतहि त्याचा उपयोग होत राहिला. अंगणांत आडवें होऊन तेल बदलणाऱ्या गृहस्थाला आपल्या डब्यांत महासागरांतल्या शिकारीचा अंश आहे, याचा पत्ताहि नसे.

१९७० सालीं अमेरिकेनें स्पर्म व्हेलची गणना नष्ट होऊं पाहणाऱ्या प्राण्यांत केली, आणि १९७३ च्या अखेरीस अशा प्राण्यांच्या रक्षणाचा व्यापक कायदा झाला. देवमाशाचें तेल वर्ज्य झालें. रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणें भाग पडलें, आणि 'डेक्सरॉन दोन' हें प्रमाण आलें. संक्रमण सुखाचें झालें नाहीं. नव्या मिश्रणाच्या एका आवृत्तीमुळें तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या डाकाला गंज चढूं लागला आणि मिश्रण पुन्हां सुधारावें लागलें. पर्यायांच्या शोधांत अमेरिकेच्या वाळवंटांतलें होहोबा नांवाचें झुडूपहि पुढें आलें, कारण त्याच्या बियांतून निघतें तेंहि साधें तेल नसून पातळ मेणच आहे. हीच वनस्पति पुढें राजस्थानच्या कोरड्या जमिनींतहि लावली गेली. १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानें व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. त्या सुमारास मोटारी पूर्वीपेक्षां अधिक संख्येनें, पूर्वीइतक्याच सुखानें चालत होत्या. एका अजस्र प्राण्याची ज्याच्यासाठीं हत्या होत होती, तो पदार्थ अपरिहार्य नव्हता, एवढेंच यांतून सिद्ध झालें.

तेलांची जात वाढली तसा घोटाळाहि वाढला. फोर्ड कंपनीचें 'टाइप एफ' तेल चकत्यांना करकचून धरणारें, तर डेक्सरॉन हळुवार धरणारें. एकाच्या जागीं दुसरें घातलें तर गाडी धक्के तरी देई किंवा घसरे तरी. २००५ सालीं डेक्सरॉनची सहावी आवृत्ति आली, ती अधिक पातळ आणि अधिक टिकाऊ. आज तर प्रत्येक उत्पादकाचें प्रमाण वेगळें आहे. हिंदुस्थानांत क्लचच्या पेडलाविना चालणाऱ्या गाड्या अलीकडच्या काळांतच सर्वसामान्यांच्या घरीं आल्या. त्यांतहि कांहींना टॉर्क कन्व्हर्टर आहे, कांहींना पट्ट्यावर चालणारी सी. व्ही. टी., कांहींना दोन क्लचांची रचना, आणि स्वस्त गाड्यांना साध्याच गियरपेटीवर यांत्रिक हात बसवलेली ए. एम. टी. बाहेरून चारहि सारख्याच दिसतात. तेल मात्र प्रत्येकीचें निराळें. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत छापलेलें नांव आणि डब्यावरचें नांव अक्षरशः जुळवणें, ही या कामाची पहिली पायरी होय.

पुढच्या पायऱ्या पन्नास वर्षांपूर्वींच्या अंगणांत होत्या त्याच बव्हंशीं आजहि आहेत. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावें. ती सपाट जागीं उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. तेल सोडण्यापूर्वीं भरण्याचें बूच सैल होतें कीं नाहीं तें पाहावें, नाहींतर रिकामी गाडी अंगणांत अडकून पडते. इंजिनाचें बूच आणि गियरपेटीचें बूच यांची गल्लत करून भलतेंच तेल सोडून बसल्याचे प्रसंगहि कमी घडत नाहींत. तसराळें काढतां येत असेल तर त्यांतल्या लोहचुंबकावर साचलेली भुकटी पाहावी: बारीक करडा लेप ही झिजेची नेहमीची खूण, पण धातूचे कण बोटाला टोचूं लागले तर आंत कांहीं मोडलें आहे असें समजावें. चाळणी बदलावी, नवी गॅस्केट बसवावी. जेवढें तेल निघालें तेवढें मोजावें, आणि नरसाळ्यानें तेवढेंच नवें घालावें. नंतर इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, खटका सर्व स्थानांतून एकदां फिरवावा आणि सांगितलेल्या उष्णतामानाला पातळी पाहावी. तेल कमी पडलें तर पंप हवा ओढतो. अधिक झालें तर फिरतीं चाकें त्याचा फेंस करतात. दोन्हीं प्रकारांत दाब ढासळतो आणि चकत्या जळतात.

येथें एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हायड्रा-मॅटिकच्या सांध्याला बूच होतें. पुढें कित्येक उत्पादकांनीं टॉर्क कन्व्हर्टरचें बूच काढून टाकलें. त्यामुळें दहा लिटर तेलापैकीं एका खेपेस चारच निघालें, तर साठ टक्के जुनें आंतच राहतें. दुसऱ्या खेपेनंतर छत्तीस, आणि तिसऱ्या खेपेनंतर सुमारें बावीस टक्के जुनें उरतें. एकदांच बदलून निश्चिंत होण्यापेक्षां थोड्या थोड्या अंतरानें दोनतीनदां बदलण्यांत शहाणपण आहे, तें याचमुळें.

अलीकडे मात्र मालकाच्या हातून हें कर्तव्यहि निसटत चाललें आहे. कित्येक गाड्यांना तेलाची पट्टीच राहिलेली नाहीं. पातळी पाहावयाची तर गाडी उचलून, तेलाचें उष्णतामान यंत्रानें मोजून, बाजूचें बूच उघडून, त्यांतून बारीक धार येते कीं नाहीं हें पाहावें लागतें. जोडीला 'हें तेल जन्मभर पुरेल' असें आश्वासन असतें. कोणाच्या जन्मभर, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. उष्णतामान दहा अंश सेल्सिअसनें वाढलें कीं रासायनिक क्रियेचा वेग सुमारें दुप्पट होतो, हा ठोकळ नियम तेलालाहि लागू आहे. थंड देशाच्या मोकळ्या रस्त्यावर जें तेल दीर्घकाळ टिकेल, तेंच तेल घाटांत आणि वैशाखाच्या उन्हांत मुंबईच्या खोळंब्यांत तितकें टिकेल असें मानणें धाडसाचें आहे. गंमत अशी कीं, तेल तेंच घालणाऱ्या गाड्यांच्या पुस्तिकांतहि कष्टाच्या वापरासाठीं वेगळें, थोडें अंतर सांगितलेलें पुष्कळदां आढळतें.

निगा कोणी राखावी हा प्रश्न कायद्यापर्यंतहि पोंचला आहे. अमेरिकेंत १९७५ सालच्या हमीविषयक कायद्यानें, फुकट न दिलेली विशिष्ट कंपनीचीच वस्तु वा सेवा घेतली पाहिजे अशी अट हमीला जोडण्यास मनाई केली. भारतांत २०१४ च्या ऑगस्टमध्यें स्पर्धा आयोगानें, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळूं न देण्याच्या प्रथेबद्दल, चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढें अपीलेंहि झालीं. वाद मोठ्या रकमांचा दिसतो, पण त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न साधाच आहे: जी वस्तु आपण पैसे देऊन आपली केली, तिची पोटांतली अवस्था जाणण्याचा अधिकार आपला कीं नाहीं?

अर्थात् अधिकाराबरोबर जबाबदारीहि येते. काढलेलें तेल गटारांत किंवा झाडाच्या मुळाशीं ओतणें हा गुन्हाच समजला पाहिजे. तें डब्यांत बंद करून जुनें तेल घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीं पोंचवावें. देवमाशांनीं एकदां किंमत दिली. आतां ती विहिरीच्या पाण्यानें द्यावी हें बरें नव्हे. आणि काम आटोपल्यावर हात पुसून, तारीख, गाडीनें कापलेलें अंतर, किती तेल काढलें आणि कोणतें किती घातलें, हें एका वहींत टिपून ठेवावें. ती वही गाडीबरोबरच पुढच्या मालकाच्या हातीं द्यावी, म्हणजे आंतलें तेल किती जुनें आहे याचा त्यालाहि उलगडा होईल.